कॉलनीच्या गेटवर विचारलं, कोणाकडे जायचंय? (रिफायनरीकडे वाढलेले बडोदेकर, इकडे या)

जवाहरनगरकर
परवा आईला घेऊन छाणीला एका लग्नाला गेले होते. लग्न दुपारीच आटपलं, बाहेर ऊन असं की रिक्षाच्या दांड्याला हात लावता येत नव्हता, आणि आई एकदम म्हणाली एवढं लांब आलोच आहोत तर घर बघून येऊ का. घर म्हणजे कोयलीच्या रिफायनरीच्या जवाहरनगर कॉलनीतलं क्वार्टर. ते सोडून आम्हाला एकोणीस वर्षं झाली, आता मांजलपूरला स्वतःचा फ्लॅट आहे, बाबा त्याच फ्लॅटमध्ये वारले, तरी आई "घर" म्हणाली की अजून मला विचारावं लागतं, कुठलं?

गेटवर सिक्युरिटीवाल्याने विचारलं, कोने त्यां जवुं छे? कोणाकडे जायचंय. त्याचं काही चुकलं नाही, त्याचं कामच ते. पण मी नाव शोधायला लागले तर एक नाव सापडेना. शेजारचे काका वारले, समोरच्या काकू पुण्याला मुलाकडे, माझ्या वर्गातल्या मुली न्यूजर्सीपासून चिंचवडपर्यंत पसरलेल्या. ज्या गेटमधून मी हँडल सोडून सायकल आत घालायचे तिथं उभी राहून मला कोणाचंही नाव सांगता आलं नाही. आई रिक्षातूनच म्हणाली, चल मागे, झाड काय इथून दिसणार आहे थोडंच.

झाड म्हणजे आंबा. मी पहिलीत असताना बाबांनी मागच्या वाड्यात राजापुरीची कोय लावली होती. आम्ही निघालो त्या वर्षी त्याला इतक्या कैऱ्या होत्या की ट्रक भरायला आलेल्या माणसांना पण पिशव्या भरून दिल्या.

लोक विचारतात मूळ गाव कुठलं. मी वडिलांचं सांगते, चाळीसगावकडे. तिथं मी आयुष्यात दहा-बारा वेळा गेले असेन, तेही कोणाच्या लग्नाला नाहीतर तेराव्याला. आणि जिथं दात पडले, गुडघे फुटले, पहिल्यांदा साडी नेसले, ते गाव म्हणायची सोयच नाही कारण तिथं आपल्या नावावर एक वीट नाही. रिटायर झाले, क्वार्टर खाली करा, किल्ली द्या, झालं.

मला रात्रीचं सगळ्यात जास्त आठवतं. आमच्या खोलीच्या बारीतून (खिडकीला घरात सगळे बारीच म्हणायचे) फ्लेअर दिसायची, ती चिमणीवरची ज्योत. मला नाईट लॅम्प कधी लागलाच नाही, भिंतीवर तो नारिंगी उजेड हलायचा आणि त्याच्याकडे बघत झोप लागायची. लग्न होऊन नाशिकला गेले तर पहिले कित्येक दिवस अंधाराने झोप येईना, नवऱ्याला हे सांगून पटलं नव्हतं.

कोण कोण आहे इथं त्या बाजूचं? कोयली, बाजवा, रणोली, करचिया, उंडेरा, कुठलंही चालेल. लिहा ना.

बाजवा_यार्ड
ताई मी आहे. वडील रेल्वेत, बाजवा स्टेशनला, आमचं क्वार्टर रुळाला इतकं लागून की पाहुणे आले की पहिल्या रात्री उठून बसायचे. तुमच्यासाठी फ्लेअर तशी आमच्यासाठी टँक वॅगनची गाडी. काळ्या गोल टाक्या, एकामागे एक एक, आम्ही ओट्यावर बसून मोजायचो, भाऊ डावीकडून मी उजवीकडून, आणि आकडा कधीच जुळायचा नाही. रिकामी गाडी आली की खडखड वेगळी, भरलेली गेली की आवाज दबका, डोळे मिटून सांगायचो. वडील रात्री घरी आले की आई विचारायची किती निघाल्या, जसं काही आमच्याच दुकानाचा माल चाललाय.

तुमच्या कॉलनीत क्रिकेट खेळायला यायचो आम्ही, भिंतीच्या एका खिंडारातून, ते खिंडार दर दिवाळीला बुजवायचे आणि संक्रांतीपर्यंत परत व्हायचं.

शिफ्टवाला
नमस्कार. मी १९७६ ला ऑपरेटर म्हणून लागलो, २०११ ला निवृत्त. आता तरसालीला राहतो. वाचून बरं वाटलं आणि गलबललं पण.

फ्लेअरबद्दल लिहितो कारण मुलांना ती दिवाळीसारखी वाटायची आणि आम्हाला नाही. युनिटमध्ये जो गॅस जास्तीचा होतो, प्रेशर वाढलं की सेफ्टी व्हॉल्व्हमधून जो सुटतो, तो मोकळा हवेत सोडला तर जमिनीलगत साचून पेट घेईल, म्हणून तो पाइपाने लांब नेऊन उंचावर जाळून टाकतात. ज्योत लहान, शांत असेल तर सगळं ठीक. एकदम मोठी झाली, भरभर आवाज करायला लागली, काळा धूर आला तर समजायचं आत काहीतरी ट्रिप झालंय, म्हणजे अचानक बंद पडलंय. माझी सुट्टी असली तरी झोपेत पापण्यांवर उजेड वाढला की जाग यायची. बायको म्हणायची तुमची ड्युटी नाही, झोपा. झोप कसली, आत आपलीच माणसं असायची. गच्चीवर जाऊन उभा राहायचो, आजूबाजूच्या चार गच्च्यांवर चार जण असेच उभे, कोणी कोणाशी बोलायचं नाही, ज्योत खाली बसली की एकेक करून आत जायचे.

आणि आवाज. कॉलनीत वाढलेल्यांना तो कधी ऐकू आलाच नसेल कारण तो कधी थांबायचाच नाही, भट्ट्यांचा, कॉम्प्रेसरचा, सतत गूं गूं. मोठा शटडाऊन असला की तो कमी व्हायचा, आणि त्या रात्री लहान मुलं रडायची. ही माझी कल्पना नाही, आमच्या ब्लॉकमधल्या तीन बायकांनी हे मला वेगवेगळं सांगितलंय.

जवाहरनगरकर
काका!! तो आवाज!! मी लिहायचंच विसरले. आणि गच्चीवरचं वाचून मला आत्ता कळलं बाबा रात्री वर का जायचे. आम्हाला वाटायचं उकडतंय म्हणून.

दांडियाबजार
थोडं वेगळं लिहितो, राग मानू नका. आमचं घराणं बडोद्यात सहा पिढ्या, पणजोबा सरकारवाड्यात कारकून. आम्हा गावातल्या मराठी लोकांना तुम्ही कॉलनीवाले म्हणजे नोकरीसाठी आलेले, रविवारी कंपनीच्या बसमधून उतरणारे, मंगळबजारात भाव करणारे, खंडेराव मार्केटला भाजी घेऊन पाचच्या बसला परत जाणारे. तुमच्या पायात चांगले बूट असायचे आणि तुमच्या मुलांचं मराठी आमच्यापेक्षा शुद्ध, नाशिक-साताऱ्याचं. आमचं मराठी ऐकून तुम्ही हसायचात. मला आठवतंय एका बाईंनी माझ्या आईला दुरुस्त केलं होतं, "कबाट नाही हो, कपाट".

खरा बडोदेकर तो ज्याने जुनी गढीच्या गणपतीची मिरवणूक सूरसागरपर्यंत पायी केली, ज्याच्या घरात कोणीतरी जुम्मादादांच्या व्यायाममंदिरात मल्लखांब केला. तुमचा गणपती तुमच्याच मैदानात बसायचा आणि तुमच्याच बसने मावळायचा.

पण गेटवरचं वाचलं आणि हेही कबूल करतो, माझं घर अजून आहे, पडकं का होईना, उद्या मी दार ढकलून आत जाऊ शकतो. तुम्हाला ते नाही. हे मी कधी असं पाहिलंच नव्हतं.

जवाहरनगरकर
दांडियाबजार, राग अजिबात नाही, उलट खरं लिहिलंत. पण आमचं शुद्ध मराठी तीन-चार वर्षंच टिकलं हो. मी चौथीत असताना आजोळी म्हणाले "मी रमायला चालले", तर मामी म्हणाली कशात रमायला? मला खेळायला म्हणायचं होतं. तिथं कबाट म्हणाले, बटाका म्हणाले, दादर चढून ये म्हणाले, सगळे हसले. मग इकडे शाळेत गुजराती मुली हसायच्या की तू चोपडीला पुस्तक का म्हणतेस. तुमच्या आईंना ज्यांनी दुरुस्त केलं त्यांची मुलं पण कबाटच म्हणत असणार, मला खात्री आहे.

आणि मिरवणुकीचं. आम्हाला जायचं असायचं हो गावात. शेवटची बस पाचची होती.

फतेगंजची
माझ्या आजीची एक गोष्ट सांगते, ही त्या कॉलनीतल्या अगदी पहिल्या दिवसांची, घरात शंभर वेळा ऐकलेली. रिफायनरी रशियाच्या मदतीने झाली हे सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा रशियन इंजिनियर, त्यांच्या बायका, मुलं इथं राहायची. आजीच्या शेजारी एक रशियन बाई होती. दोघींना एकमेकींची एक अक्षर भाषा येत नव्हती. आजीने तिला चैत्राच्या हळदीकुंकवाला हाताला धरून आणलं, तिने कुंकू लावून घेतलं, कैरीची डाळ खाल्ली, डोळ्यात पाणी आलं (मिरचीने), आणि दुसऱ्या दिवशी परत वाटी घेऊन दारात उभी. मेमध्ये तिचं मूल उन्हाने लाल व्हायचं, आजी त्याला पन्हं पाजायची आणि कांद्याचा रस तळपायाला चोळायची.

जाताना ती आजीला एक लोखंडी यंत्र देऊन गेली, टेबलाच्या कडेला स्क्रूने बसवायचं, वरून घाला, हँडल फिरवा, पुढून शेवयासारखं बाहेर येतं. आजीने चाळीस वर्षं त्यावर वड्यांची डाळ वाटली, कुरडयांचा चीक सोडून सगळं त्यातून काढलं, अख्ख्या ब्लॉकमध्ये वाळवणाच्या दिवसात ते यंत्र फिरायचं. मी कॉलेजात असताना एका मैत्रिणीने बघून सांगितलं अगं हे खिम्याचं यंत्र आहे. आम्ही पक्के शाकाहारी. आजीला सांगितलं तर ती म्हणाली, तिने प्रेमाने दिलंय, आणि डाळीला काय कळतंय. ते माझ्याकडे आहे आता. त्यावर रशियन अक्षरं आहेत, झिजलेली.

शिफ्टवाला
फतेगंजची, फार सुंदर. आम्ही लागलो तेव्हा जुन्या पॅनेलवर, मोटारींवर रशियन पाट्या तशाच होत्या, शिकवणारे सीनियर त्या अक्षरांना आकारावरून नावं ठेवायचे, तो "उलटा एन" वाला व्हॉल्व्ह बंद कर असं.

नव्या लोकांसाठी थोडं मागचं लिहितो. १९६० च्या मे महिन्यात अंकलेश्वरला तेल लागलं, त्या पहिल्या विहिरीला नेहरूंनी वसुधारा नाव दिलं. तेल आपल्या दाराशी निघालं तर शुद्ध करायला पण इथंच हवं, म्हणून कोयली. १० मे १९६३ ला नेहरूंच्या हस्ते पाया घातला आणि पुढच्या मे मध्ये ते गेले, कॉलनीच्या नावात राहिले. ऑक्टोबर १९६५ ला पहिलं युनिट चालू झालं आणि पुढच्या ऑक्टोबरात राष्ट्रपती राधाकृष्णन यांनी देशाला अर्पण केलं. तेव्हा क्षमता वर्षाला वीस लाख टन, पुढे ती वाढत १ कोटी ३७ लाखांवर गेली. देशातलं पहिलं हायड्रोक्रॅकर (जड तेल हायड्रोजन वापरून फोडून हलकं करणारं युनिट) पण इथलंच, ते उभं राहताना मी तिथं होतो आणि ते मी नातवाला पण सांगतो.

एक रिफायनरी आली की मागे रांग लागते. नाफ्था (तेल शुद्ध करताना निघणारा हलका भाग) आहे तर खत करा, नाफ्था आहे तर प्लास्टिक करा, म्हणून बाजव्याला खताचा कारखाना, मग १९६९ ला पेट्रोकेमिकलची कंपनी, मग रणोली, नंदेसरी. प्रत्येकाची आपली कॉलनी, आपली शाळा, आपला गणपती, आपला गरबा. नाशिक, जळगाव, सांगली, रत्नागिरीकडून पोरं आली ती या रांगेतच कुठंतरी लागली.

बाजवा_यार्ड
काका सगळं खरं, फक्त एक बाजू माझ्याकडून. कॉलनीत लाईट जायची नाही. कारखान्याची स्वतःची वीज. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी दोनला गेली की रात्री येणार, आणि आम्ही अंधारात ओट्यावर बसून भिंतीपलीकडचे तुमचे पंखे फिरताना बघायचो, खरंच दिसायचे, बारीतून. मला तेव्हा हेवा वाटायचा, आता तसं काही नाही, पण दिसायचे.

आणि वास. वारा फिरला की कधी कुजलेल्या अंड्यासारखा, कधी नाकात झोंबणारा, कधी गोडसर, आणि तो कुठून आला हे विचारायला गेलं तर प्रत्येक जण दुसऱ्या दिशेला बोट दाखवायचा. माझ्या मामाच्या गावात, नाव नाही लिहित, विहिरीच्या पाण्याचा रंग बदलला. मामीने तीन वर्षं त्या पाण्याने भांडी घासली आणि पिण्याचं दोन शेतं ओलांडून आणलं. कोणामुळे झालं हे कधीच कोणी सांगितलं नाही. त्याच पट्ट्याने आमच्या घरात पण भाकरी आणली हेही खरं, वडिलांच्या गाड्या भरल्या त्या मालाने. मला ही दोन्ही एकत्र धरता येत नाहीत आणि सोडता पण येत नाहीत.

जवाहरनगरकर
पंख्याचं वाचून मी खूप वेळ काही लिहू शकले नाही. आम्ही कधी भिंतीवरून तुमच्याकडे बघितलंच नाही. त्या बाजूला अंधार असायचा म्हणून दिसायचं नाही, एवढंच डोक्यात.

वाडीनार_तीन_वर्षं
मी मूळची जवाहरनगरची पण सहावी ते आठवी वाडीनारला, जामनगरच्या पलीकडे, कच्छच्या आखातावर. बाबांची बदली तिकडे झाली. सगळे म्हणाले समुद्रकिनारा, मजा आहे. पहिल्या दिवशी उतरले तर समुद्र होताच कुठं, ओहोटी होती, नजर पोचेल तिथपर्यंत चिखल आणि खडक, आणि हवा अशी जड की बडोद्याची लू बरी वाटली. बडोद्याचं ऊन भाजतं पण घाम सुकतो तरी, तिकडे घाम सुकतच नाही, वह्यांची पानं एकमेकांना चिकटायची, मिठाच्या बरणीत पाणी सुटायचं, सायकलची साखळी पंधरा दिवसात गंजायची. पाणी खारट, साबणाला फेस नाही, आई केस धुतले की रडायला यायची.

पण भरती आली की ती सगळी चिखलाची जमीन गायब. आणि लांब समुद्रात जहाजं. ती किनाऱ्याला लागत नाहीत, एवढं मोठं जहाज लागणार कसं, समुद्रातच एक तरंगता बोया असतो, त्याला ती बांधतात आणि तेल समुद्राच्या तळाच्या पाइपातून जमिनीवर येतं. बाबांनी एक खूण शिकवली होती. जहाज येतं तेव्हा भरलेलं, पाण्यात खोल बसलेलं, नुसती काळी रेघ. दोन-तीन दिवसांनी तेच जहाज उंच होतं, खालचा लाल रंग दिसायला लागतो, मग समजायचं रिकामं झालं, आता जाणार. मी शाळेतून आले की आधी गच्चीवर, लाल दिसतंय का बघायला.

नरारा बेट तिथून जवळ, तो सगळा भाग १९८२ पासून सागरी राष्ट्रीय उद्यानात आहे. ओहोटीला घोट्याएवढ्या पाण्यातून चालत जायचं, चपला घालून, प्रवाळ पायाखाली येणार नाही असं बघून. खडकाखाली ऑक्टोपस, हात जवळ नेला की रंग बदलून दगडच व्हायचा. एका बाजूला ते, मान वर केली की दुसऱ्या बाजूला तेलाचं जहाज. सहावीतल्या मुलीला त्यात काही विचित्र वाटलं नाही. आता वाटतं, आणि काळजी पण वाटते.

आई मात्र बडोद्यासाठी झुरायची. तेल वाडीनारजवळच्या सलायाहून पाइपाने विरमगाममार्गे थेट कोयलीला जातं, १९७८ पासून, हे बाबांनी तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, मग मलाच घाला त्या पाइपात, तेलाआधी पोचते की नाही बघा.

शिफ्टवाला
तुमच्या आईंना माझा नमस्कार. अहो ते तेल आम्ही इकडे घ्यायचो! टाकीत लेव्हल चढायला लागली की म्हणायचो सलायाचं आलं. तिकडे गच्चीवर एक मुलगी जहाज मोजते हे कोणाला माहीत.

आणि एक जोडतो. तेल समुद्राकडून यायचं, आणि कारखान्यांचं सांडपाणी परत समुद्राकडेच जायचं. १९८३ ला जो एफ्लुएंट चॅनल, म्हणजे सांडपाण्याचा कालवा, चालू झाला तो जवळजवळ ५६ किलोमीटर, पट्ट्यातल्या कारखान्यांचं प्रक्रिया केलेलं पाणी जंबुसर तालुक्यात महीच्या मुखाशी नेऊन सोडतो. त्याआधी काय व्हायचं आणि चॅनलच्या काठच्या गावांना काय सोसावं लागलं, त्यावर बाजवा_यार्ड यांनी मामीचं लिहिलंय, त्याच्यापुढे मी काही बोलू नये. आम्ही आत होतो. आमच्या नळाला महीच्या वाळूतल्या फ्रेंच वेलचं, म्हणजे नदीपात्रातल्या खोल विहिरीचं, गोड पाणी होतं.

दांडियाबजार
म्हणजे दोन्ही टोकांना समुद्र आणि मध्ये तुम्ही. आम्ही बडोदेकर आयुष्यभर म्हणत आलो की आपल्या गावाला समुद्र नाही.

फतेगंजची
कोणाला २६ जानेवारी २००१ आठवतंय? तेव्हा मी आजीकडे होते, कॉलनीत. झेंडावंदनाला मैदानावर सगळे रांगेत. पावणेनऊच्या सुमाराला जमीन हलायला लागली, आधी वाटलं मलाच चक्कर येतेय, मग झेंड्याचा खांब डोलताना दिसला. मला जे कायमचं राहिलंय ते हे, की हजार माणसं होती आणि भूकंप म्हटल्यावर माणूस घराकडे धावेल ना, तर सगळ्यांनी, बायकांनी, मुलांनी, आधी मान वळवून फ्लेअरकडे बघितलं. सगळ्यांनी एकाच दिशेला. ज्योत तशीच होती. मग लोक घराकडे पळाले.

जवाहरनगरकर
मी होते तिथं! मी त्याच मैदानावर होते, निळ्या रांगेत. अंगावर काटा आला. हो, सगळ्यांनी आधी तिकडेच बघितलं.

बाबांनी आम्हाला बाराखडीच्या आधी वारा शिकवला असं मी नेहमी म्हणते. सायरन झाला, काही वास आला, तर आधी वारा कुठून येतोय ते बघ, झाडाच्या पानांकडे बघ, आणि त्याच्या आडवं पळ, पाठीवर वारा घेऊन पळू नकोस, तो तुझ्याबरोबरच येतो. मी अजून कुठल्याही नव्या घरात गेले की आधी बारी उघडून वारा बघते. माझी मुलगी पण बघते, तिने रिफायनरी फक्त हायवेवरून पाहिलीय.

बाबांच्या खिशात कधी काडेपेटी नसायची. गेटवर काढून ठेवावी लागते म्हणून त्यांनी ठेवणंच सोडलं. देवापुढे दिवा लावायला पण ते आईला हाक मारायचे. निवृत्तीच्या दिवशी हार घालून, नारळ देऊन गाडीने घरी सोडलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पहिल्यांदा स्वतः काडी ओढून समई लावली. हात थरथरत होता. आम्ही कोणी काही बोललो नाही. दोन महिन्यांनी क्वार्टर खाली केलं.

बाजवा_यार्ड
ताई ते झाड कुठल्या लाईनीत? मैदानाच्या मागची का, पाण्याच्या टाकीकडची? राजापुरी असेल तर मला वाटतं आम्ही त्याच्या कैऱ्या पाडल्यात. खिंडारातून आत आलं की तिसरं का चौथं घर, मागच्या दाराला हिरवा पत्रा.

जवाहरनगरकर
हिरवा पत्रा!!! तिसरं घर!! आई म्हणायची वानरं पाडतात.

बाजवा_यार्ड
वानरं नव्हती. माफी मागायला तीस वर्षं उशीर झालाय, तरी आईंना सांगा. मीठ-मिरची आम्ही घरून कागदात बांधून आणायचो.

अजून_आत
पंधरा दिवस हा धागा वाचतोय, लिहायचं धाडस होत नव्हतं, मराठी टायपिंग येत नाही नीट. मी अजून नोकरीत आहे, अजून कॉलनीतच राहतो. येत्या मार्चला माझं रिटायरमेंट आहे. बायकोने खोकी गोळा करायला सुरुवात केलीय.

जवाहरनगरकर ताई, काल संध्याकाळी ड्युटीवरून येताना सायकल त्या लाईनीतून घेतली. हिरवा पत्रा आता नाही, तिथं विटांची भिंत आहे. झाड आहे. दोन मजल्याच्या वर गेलंय. त्या क्वार्टरमध्ये आसामकडचं एक जोडपं राहतं, लहान मुलगी आहे त्यांना, झोका बांधलाय खालच्या फांदीला. मी त्यांना विचारलं, म्हणाले आईंना जरूर घेऊन या, चहा प्यायला.

माझं नाव आणि क्वार्टर नंबर तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. गेटवर तेच सांगा. मार्चपर्यंत चालेल.

जवाहरनगरकर
व्यनि मिळाला. आईला वाचून दाखवलं. तिने दोनदा वाचायला लावलं, दुसऱ्यांदा फक्त झोक्याचं.

रविवारी सकाळी नऊला येतो, ऊन चढायच्या आत. आई विचारतेय त्या मुलीला बेसनाचे लाडू चालतील ना. आणि बाजवा_यार्ड, तुम्ही पण या, आई म्हणाली त्या वानराला बघायचंय मला. या वेळी गेटमधून.

बाजवा_यार्ड
नऊला गेटवर उभा आहे. मीठ-मिरची आणतो.